होडी रस्त्यावर असते तेव्हा…

ऑगस्ट २०१९ मधला महापूर सांगलीकर विसरलेले नाहीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये ८ ऑगस्टला पुरातून माणसे बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनभराहून अधिक जीव गेले. त्यानंतर बोटीत किती माणसे बसवावीत, लाइफ जॅकेट किती हवीत, बोट कोणी चालवावी यावर भरपूर बोलले गेले. ते आवश्यकच होते. मात्र बोटीच्या प्रवासातला एक टप्पा या चर्चेत फारसा येत नाही. बोट पाण्यापर्यंत पोचते ती रस्त्याने. कधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कधी पिकअपवर, तर कधी मोटारीच्या टपावर.

नदीकाठच्या अनेक ग्रामपंचायतींकडे आता फायबरच्या बोटी आहेत. सांगलीत कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यती रंगतात. इकडे साताऱ्यात कोयनेचा शिवसागर, तापोळा, बामणोली, वाईजवळचे धोम, महाबळेश्वरचा वेण्णा तलाव ही जलपर्यटनाची ठिकाणे. पुण्या-मुंबईची मंडळी हल्ली स्वतःची कयाक किंवा कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची हलकी निमुळती होडी, गाडीवर बांधून येतात. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यावर गाडीमागे राहण्याची खोली ओढत नेण्याची हौसही मूळ धरू लागली आहे. त्या खोलीच्या टपावर होडी ठेवावी, हा विचार मग ओघाने येतोच.

हौसेची होडी असो वा पुराची, तिला रस्त्यावर लागू होणारे नियम सारखेच. ते वाऱ्याचे, वजनाचे आणि दोरीचे नियम आहेत.

वारा किती जोर लावतो?

चाळकेवाडी किंवा वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांजवळ उभे राहिलेल्यांना वाऱ्याचा जोर वेगळा सांगायला नको. गाडी धावते तेव्हा हवा स्थिर असली तरी होडीला ती समोरून येणाऱ्या वाऱ्यासारखीच लागते. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो.

आकड्यांत पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाला समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण साडेसात किलो वजनाइतका दाब येतो. ताशी ८० ला तो ३० किलो होतो. त्यात समोरून ताशी ४० चा वारा असेल तर होडीच्या दृष्टीने वेग १२० होतो आणि दाब जवळपास ६८ किलो. पावसाळ्यात पुणे-बंगळूर महामार्गावर समोरून किंवा शेजारून मोठा कंटेनर गेला की बसणारा हवेचा धक्का यात आणखी भर घालतो. गावात सावकाश जाताना न हललेली होडी महामार्गाला लागल्यावर का डुलू लागते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

होडी टपावर पालथी ठेवतात. ते बरोबरच आहे. पालथी होडी दोन्ही काठांवर टेकते, त्यामुळे घट्ट बसते आणि पावसाचे पाणी साठत नाही. उताणी ठेवलेल्या होडीत चार चौरस मीटर जागेवर फक्त एक सेंटिमीटर पाणी साठले तरी ४० किलो वजन वाढते आणि वळणावर ते पाणी एका बाजूला धावते. पालथ्या होडीचा तोटा एकच. गाडीच्या काचेवरून वर चढणारी हवा तिच्या पोकळीत शिरते आणि पुढचे टोक उचलू पाहते.

म्हणून फक्त मधोमध दोन पट्टे आवळून भागत नाही. पाच मीटरची होडी आहे आणि ती ज्या दोन आडव्या दांड्यांवर ठेवली आहे त्यांच्यात एक मीटर अंतर आहे, असे समजा. पुढच्या टोकाला वाऱ्याने फक्त १० किलोचा धक्का वर दिला, तर पुढच्या पट्ट्यावर ३० किलोचा ताण येतो. ही तरफेची किमया. दांड्यांमधले अंतर दोन मीटर केले तर तोच ताण साधारण साडेसतरा किलोवर येतो. दांड्या जितक्या लांब ठेवता येतील तितक्या ठेवाव्यात. शिवाय होडीच्या पुढच्या आणि मागच्या टोकापासून प्रत्येकी दोन दोऱ्या गाडीच्या दोन्ही कोपऱ्यांना, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात, खाली बांधाव्यात. पुढच्या दोऱ्या टोकाला उचलू देत नाहीत आणि डावी-उजवीकडे फिरू देत नाहीत. दोऱ्या गाडीच्या सांगाड्याला किंवा टोइंगच्या हुकाला बांधायच्या. प्लॅस्टिकच्या बंपरला बांधलेली दोरी बंपरसकट निघून येते.

ब्रेक लागला की

वाऱ्याइतकाच जोर ब्रेक लावतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर करकचून ब्रेक लावला तर टपावरची वस्तू तिच्या वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश जोराने पुढे ढकलली जाते. ६० किलोची होडी ४० किलोच्या जोराने पुढे सरकू पाहते. चांगला पट्टा हे सहज पेलतो. टक्कर झाली तर हिशेब बदलतो. ताशी ५० च्या वेगात असलेली गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर ५० किलोच्या होडीला जागेवर धरून ठेवायला सुमारे ७०० किलोचा जोर लागेल. सुतळी, पोत्याची दोरी, जुना ओढणीचा तुकडा यांच्याकडून ती अपेक्षाच नको. सुटलेली होडी पुढे जाऊन पडते ती बहुधा दुचाकीस्वारावर किंवा कडेने चालणाऱ्यावर.

होडीच्या आत सुटे ठेवलेले वल्हे, गळ, लाइफ जॅकेट, पेट्रोलचा डबा हेही असेच उडतात. बोटीचे इंजिन तर वेगळे काढूनच न्यावे. पंचवीस अश्वशक्तीचे इंजिन साधारण ५० किलोचे असते. ते मागच्या फळीला लटकलेले ठेवून ट्रॉली खड्ड्यात आदळली की फळीच्या जोडाला तडा जातो. तो तडा दिसतो थेट पाण्यात.

ओढत्या गाडीच्या टपावर

ऊस वाहतुकीच्या हंगामात आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या लोकांनी कलंडलेल्या ट्रॉल्या पाहिलेल्या असतात. भार जितका उंच, तितका गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर किंवा रस्त्याच्या कडेला चाक उतरले की कलंडण्याची शक्यता वाढते. कॅराव्हॅनच्या टपावरची होडी या नियमाला अपवाद नाही.

हजार किलोची कॅराव्हॅन आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटरवर, असे धरू. तीन मीटर उंचीवर होडी आणि तिची चौकट मिळून ५५ किलो ठेवले, तर गुरुत्वमध्य दहा सेंटिमीटर वर जातो. वजन वाढले साडेपाच टक्के, उंची वाढली दहा टक्के. पसरणीसारख्या घाटातल्या वळणांवर हा फरक जाणवतो.

दुसरा मुद्दा पुढे-मागे वजन कसे विभागले आहे याचा. ओढल्या जाणाऱ्या गाडीचे साधारण १० ते १५ टक्के वजन पुढच्या जोडावर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर असावे लागते. होडी टपावर मागे सरकवून ठेवली तर हा भार कमी होतो. मग ठरावीक वेगानंतर मागची गाडी शेपटीसारखी डावी-उजवीकडे हलू लागते. अशा वेळी जोरात ब्रेक लावला किंवा स्टिअरिंग उलटसुलट फिरवले तर हेलकावे वाढतात. ॲक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा.

तिसरा मुद्दा टपाचाच. बऱ्याच कॅराव्हॅनचे टप म्हणजे हलक्या सांगाड्यावर पातळ पत्रा किंवा फायबर. ते ऊन-पाऊस अडवायला असते, वजन पेलायला नसते. बनवणाऱ्याने टपावर भार चालतो असे लिहून दिलेले नसेल आणि चौकट आतल्या सांगाड्याला जोडलेली नसेल, तर होडी तिथे ठेवू नये. सांधा हलला की टप गळू लागते आणि आतले लाकूड कुजते. शिवाय ओढणाऱ्या चालकाला मागच्या टपावरची होडी दिसत नाही. पट्टा सुटला हे कळते ते मागच्या गाडीने हॉर्न वाजवल्यावर.

म्हणून पहिली पसंती ओढणाऱ्या गाडीच्या टपाला. तिथेही मर्यादा आहेच. बहुतेक लहान मोटारींच्या टपाला ५० ते ७५ किलोच्या आसपासच भार चालतो आणि त्यात चौकटीचे वजन धरलेले असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. होडीचे मागचे टोक कॅराव्हॅनच्या अंगावर येत नाही ना, हे वळणावर आणि चढ-उताराच्या सांध्यावर, दोन्हीकडे तपासावे. सपाट अंगणात हातभर दिसणारे अंतर ओढ्याच्या फरशीवर उतरताना संपते.

कायद्याचेही भान हवे. भार वाहनाच्या पुढे, मागे किंवा बाजूला बाहेर आला तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार २० हजार रुपये दंड आहे. मागे मीटरभर माल बाहेर ठेवण्याची जुनी मुभा २०१४ मध्येच काढून टाकली गेली. लाल फडके बांधले की झाले, ही समजूत सोडून द्यावी. होडी लांब असेल तर वाहनही तेवढे लांब घ्यावे.

दोरी कोणती, आवळायची किती?

नायलॉनची दोरी मजबूत असते, पण ताणली जाते आणि ओली झाली की आणखी सैल होते. घरातून घट्ट बांधलेली होडी पावसात कराडपर्यंत ढिली का होते, ते यामुळे. पॉलिस्टरचे रुंद पट्टे कमी ताणले जातात, म्हणून तेच बरे. स्वस्त प्लॅस्टिकची निळी-पिवळी दोरी उन्हाने ठिसूळ होते. हातात चुरा येत असेल तर ती टाकून द्यावी.

दात्यांच्या कळीचे पट्टे, ज्यांना रॅचेट म्हणतात, ट्रकसाठी उत्तम. फायबरच्या होडीला मात्र ते जपून वापरावेत. कळीच्या दोन जादा टिकटिकींनी होडीचे अंग दबते आणि वरच्या थरात केसासारखी चीर पडते. पट्टा बोटाने दाबल्यावर थोडा दबावा, होडी हलवल्यावर होडीसोबत गाडीही हलावी, इतपत ताण पुरेसा. पट्ट्याला मध्ये एक पीळ द्यावा. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो, त्याचा आवाज होतोच, शिवाय त्या थरथरीने तो काठावर घासून झिजतो. पीळ दिला की हवा एकसारखी आदळत नाही आणि थरथर थांबते.

रबरी हुकाचे दोर, जे दुचाकीवर सामान बांधायला वापरतात, होडीसाठी वापरू नयेत. ते ताणले जातात, म्हणजे होडीला हलू देतात. त्याहून मोठा धोका डोळ्याला. ताणलेला दोर निसटला की लोखंडी हुक थेट चेहऱ्याकडे येतो. डोळ्याच्या आत रक्तस्राव, पडदा फाटणे, कायमची दृष्टी जाणे अशा इजा यातून होतात. मार बसला तर डोळा चोळू नये, दाबू नये, पाण्याने धूत बसू नये. वरून पेल्यासारखे काहीतरी आडोशाला धरून लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

बांधून झाल्यावर पाच-दहा किलोमीटरवर एकदा थांबावे. या सुरुवातीच्या अंतरात पट्टे बसतात, गाठी आवळतात आणि ताण उतरतो. नंतर प्रत्येक चहाच्या थांब्याला एक फेरी मारावी.

कंबर आणि मान सांभाळा

होडी बांधण्यातल्या इजा बहुतेक उचलतानाच्या. कणा ही एक तरफ आहे. हातात धरलेले २० किलो वजन कण्यापासून ५० सेंटिमीटर लांब असेल आणि पाठीचे स्नायू कण्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतील, तर त्या स्नायूंना जवळपास २०० किलोचा जोर लावावा लागतो. त्यात कंबर पिळली की मणक्यांमधल्या चकतीवर असमान दाब येतो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने अगदी आदर्श स्थितीतही एका माणसाने उचलायची मर्यादा २३ किलो धरली आहे. डोक्यावर उचलताना, ओल्या हातांनी, चिखलात ती आणखी कमी होते.

म्हणजे ४० किलोच्या होडीला किमान दोन आणि ७०-८० किलोच्या बोटीला चार माणसे हवीत. एकाने आवाज द्यायचा आणि सर्वांनी एकदम उचलायचे. गुडघ्यातून उठायचे, वजन अंगाशी ठेवायचे आणि वळायचे असेल तर पाय टाकून वळायचे. शक्य असेल तर आधी एक टोक दांडीवर टेकवावे आणि मग दुसरे उचलावे. अर्धे वजन त्यात वाचते. उचलल्यानंतर कमरेची कळ पायात उतरली, पायाला मुंग्या आल्या किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर तेल चोळत घरी बसू नये. शेवटचे लक्षण असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

टपावर चढणे हा वेगळाच धोका आहे. जगभरात अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांनंतर दुसरा क्रमांक उंचावरून किंवा जागच्या जागी पडण्याचा लागतो. ओला फायबर आणि चिखलाची चप्पल ही जोडी घातक. शिडी लावून बाजूनेच काम करावे.

वर पाहायलाही विसरू नये. रस्ता ओलांडणाऱ्या कमी दाबाच्या वीजतारा जमिनीपासून किमान ५.८ मीटर उंच असाव्यात, असा नियम आहे. पावणेतीन मीटर उंचीच्या कॅराव्हॅनवर उभ्या माणसाने हातातले वल्हे वर केले की तो पाच-साडेपाच मीटरपर्यंत पोचतो. पुरात खांब कलतात, तारा लोंबतात. ॲल्युमिनियमची होडी किंवा ओले वल्हे ताराला लागायची गरजही नसते. उच्च दाबाच्या तारेच्या फार जवळ गेले तरी झटका बसू शकतो. तारांखाली होडी चढवायची-उतरवायची नाही, हा नियम पाळावा. निघण्यापूर्वी जमिनीपासून होडीच्या टोकापर्यंतची उंची मोजून चालकासमोर लिहून ठेवावी. रेल्वेखालचे बोगदे आणि वडाच्या फांद्या कुणासाठी उंच होत नाहीत.

होडी घरी आल्यावर

पावसाळ्यानंतर ग्रामपंचायतीमागे उताणी पडलेली बोट म्हणजे डासांचे पाळणाघर. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. अंडी कोरड्या भिंतीला चिकटून कित्येक महिने तग धरतात, म्हणून पाणी ओतून देऊन भागत नाही. कडा घासून काढाव्यात आणि होडी पालथी ठेवावी.

पुराचे पाणी होडीत राहिले असेल तर ते उंदीर-जनावरांच्या लघवीने दूषित असू शकते. त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. धुताना गमबूट आणि हातमोजे घालावेत, जखमा झाकाव्यात. नंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर पुराच्या पाण्याशी संबंध आला होता, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

जलपर्णीचेही तसेच. सांगलीकडून कोयनेकडे नेलेल्या होडीच्या काठात अडकलेला एक तुकडा नव्या पाण्यात वाढायला पुरतो. निघण्याआधी होडी धुवावी, निथळावी आणि वाळवावी.

निघण्यापूर्वी आणि पोचल्यावर

• होडी पालथी, दांड्यांवर मऊ आधार. ट्रॉलीत असेल तर भुश्शाची पोती किंवा जुन्या ट्यूब.
• दोन रुंद पट्टे, पुढे दोन आणि मागे दोन दोऱ्या. गाठींची शेपटे मोकळी सोडू नयेत.
• इंजिन, पेट्रोल, वल्ही, जॅकेट वेगळी आणि बांधलेली.
• टपाचा भार पुस्तिकेतल्या मर्यादेत. लांबी वाहनाच्या आत.
• वेग ताशी ६० च्या आत. पाच-दहा किलोमीटरवर पहिली तपासणी.
• पाण्यात सोडण्यापूर्वी अंधारात आतून विजेरी फिरवून चिरा पाहाव्यात. मग दोन बादल्या पाणी आत ओतून कुठे पाझरते का, ते बघावे.

शेवटचा मुद्दा पुराच्या बोटींसाठी सर्वांत महत्त्वाचा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके पुण्याजवळच्या सुदुंबरे येथून निघतात, तेव्हा त्यांच्या रबरी बोटी घडी करून ट्रकमध्ये येतात आणि काठावर फुगवल्या जातात. गावच्या फायबर बोटीला ती सोय नाही. ती खड्ड्यांतून, पट्ट्यांखाली दबत येते आणि थेट माणसांनी भरली जाते. रात्री दोनला पाणी वाढू लागल्यावर चीर शोधायला कुणाला वेळ नसतो. म्हणून मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी गावाने बोट ट्रॉलीवर चढवून, नदीपर्यंत नेऊन, उतरवून आणि चालवून पाहावी. कोणती माणसे उचलणार, कोणते पट्टे वापरणार, कोणत्या रस्त्याने न्यायची आणि वाटेत तारा कुठे खाली आहेत, हे त्या दिवशीच ठरून जाईल. सरावाला लागते ती एक सकाळ.